रूल फाइव्हचा पिचर ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं नव्हे

दर डिसेंबरात अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा रूल फाइव्ह ड्राफ्ट, म्हणजे एकमेकांचे खेळाडू उचलायची निवड, झाली की एक दावा फिरायला लागतो, आणि मार्चअखेर संघ ठरायची वेळ आली की तो पुन्हा वर येतो. जिंकायला उतरलेल्या संघानं दुसऱ्याच्या मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या स्तरावरून, उचललेला, मेजर लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) ठेवला, तर तो संघ २६ जणांची मुभा असताना २५ जणांनिशी खेळतोय. हे प्रयोग तळाच्या संघांनी करावेत, असा तो दावा. बेसबॉल मनापासून बघणारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी नियम. संघाच्या ४० जणांच्या यादीत ठरावीक मुदतीत जागा न मिळालेल्या मायनर लीग खेळाडूला या ड्राफ्टमध्ये दुसरा संघ उचलू शकतो. अठराव्या वर्षापर्यंत करारबद्ध झालेल्याला पाच मोसमांची मुदत, त्यापुढच्याला चार. उचलणारा संघ एक लाख डॉलर भरतो आणि पुढचा अख्खा मोसम त्या खेळाडूला मुख्य संघात ठेवतो. मायनर लीगमध्ये पाठवता येत नाही. नको झाला तर आधी वेव्हर्सवर टाकायचा, म्हणजे बाकीच्या संघांना घ्यायची संधी द्यायची, आणि कुणीच घेतला नाही तर पन्नास हजारांत मूळ संघाला देऊ करायचा.

दाव्यातली पहिली शंका अशी की पोरगा खरंच चांगला असता, तर त्याच्याच संघानं त्याला मोकळा सोडला असता का? हो, सोडला असता. चाळीसची मर्यादा सगळ्यांनाच आहे, आणि ज्याच्याकडे गुणी पोरं जास्त, त्याचीच कोंडी जास्त. गॅरेट व्हिटलॉकचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क यांकीजनी २०१७ मध्ये त्याला नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये अठराव्या फेरीत घेतलं. २०१९ मध्ये तो डबल-एपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालपर्यंत, पोहोचला आणि त्याच वर्षी जुलैत त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये कोविडमुळे मायनर लीगचा मोसमच झाला नाही. म्हणजे बरा झालेला व्हिटलॉक सामन्यात कसा टाकतो, हे कुणाला बघायलाच मिळालं नव्हतं. यांकीजनी त्याला यादीबाहेर ठेवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी उचललं. यांकीजना पारख नव्हती असं यातून म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे चाळीसच जागा होत्या आणि माहिती अर्धीच होती.

दुसरा मुद्दा म्हणजे नवखा पिचर हातातले सामने घालवेल. इथे बुलपेन, म्हणजे सामन्यात नंतर आणायच्या पिचरांची फळी, कसं चालतं तेच विसरलं जातं. वनडे क्रिकेटमध्ये पाचवा गोलंदाज कच्चा असला तरी त्याची दहा षटकं कुणाला तरी टाकावीच लागतात. बुलपेनमध्ये तशी सक्ती नाही. आठवा रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधला पिचर, कधी मैदानात आणायचा, हे पूर्णपणे मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, हातात असतं. ४ एप्रिल २०२१ ला व्हिटलॉक पहिल्यांदा मैदानात उतरला तो सामना बॉस्टननं ओरिओल्सविरुद्ध ३-११ असा हरला. त्या दाणादाणीत त्यानं ३ इनिंग आणि वर एक आउट एवढं टाकलं (सामना नऊ इनिंगचा असतो), एकही धाव दिली नाही आणि पाच फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. हरलेल्या सामन्यातल्या या चेंडूंनी बॉस्टनचं काहीच बिघडलं नाही. उलट बाकीच्या रिलीव्हरांचे हात वाचले, आणि पोरात काय आहे ते मॅनेजर ॲलेक्स कोराला समोर दिसलं.

मोसम १६२ सामन्यांचा असतो. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, हल्ली जेमतेम पाच-सव्वापाच इनिंग टाकतो, म्हणजे बुलपेनवर साडेपाचशेहून जास्त इनिंग येऊन पडतात. त्यातल्या कितीतरी सामना केव्हाच एका बाजूला झुकल्यावरच्या असतात, आणि त्याही कुणीतरी टाकाव्याच लागतात. २५ जणांनिशी खेळणं हे वाक्य ऐकायला जोरदार आहे, पण या हिशेबापुढे ते टिकत नाही.

तिसरा मुद्दा: यशस्वी झालेली सगळी उदाहरणं हरणाऱ्या संघांतलीच आहेत. यात तथ्य आहे. योहान सँटाना २००० मध्ये मिनेसोटाकडून खेळला तेव्हा त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, ६.४९ होता. संघ ९३ सामने हरला म्हणूनच ते खपून गेलं. पुढे त्यानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवला. ब्रॅड केलर २०१८ मध्ये कॅन्सस सिटीसाठी छान टाकत होता आणि संघ १०४ सामने हरत होता. पण ‘सगळी’ हा शब्द चूक आहे. २०१६ मध्ये टोरांटोनं जो बियाजिनीला ६० सामन्यांत वापरलं. ईआरए ३.०६, संघाचे ८९ विजय आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत मजल. त्याच वर्षी सेंट लुईसच्या मॅट बोमननं ५९ सामन्यांत ३.४६चा ईआरए राखला. तेव्हा संघ २५ जणांचाच असायचा, म्हणजे जागेची ओढाताण आजच्याहून जास्त. २०१० मध्ये फिलाडेल्फियानं डेव्हिड हर्नडनला वर्षभर ठेवलं. तो काही चमकला नाही, त्याच्या वाट्याला बहुतेक बिनमहत्त्वाच्या इनिंग आल्या, आणि तरी संघानं ९७ सामने जिंकले. मला हर्नडनचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. पोरगा साधारण निघाला तरी चांगल्या संघाचं फारसं नुकसान होत नाही, हे त्यातून दिसतं.

व्हिटलॉक तर बियाजिनीच्याही पुढे गेला. ७३ इनिंग, ईआरए १.९६, संघाचे ९२ विजय. ऑक्टोबरमध्ये प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, यांकीजविरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्यात नववी इनिंग त्यानंच टाकली. पुढच्या फेरीत टँपा बेला घरी पाठवणाऱ्या सामन्यात शेवटच्या दोन इनिंग त्याच्याच, आणि विजयही त्याच्याच नावावर लागला. अशा पिचरमुळे प्लेऑफमध्ये एक जागा अडून राहते, असं म्हणणाऱ्यांनी ते दोन सामने पुन्हा बघावेत.

आता दाव्यातला एकमेव वजनदार मुद्दा. या पिचरला खाली पाठवता येत नाही, त्यामुळे संघाचे हात बांधले जातात. हे खरं आहे आणि ते हलक्यानं घेऊ नये. आजचे संघ दमलेल्या रिलीव्हरला लगेच खालच्या ट्रिपल-एमध्ये पाठवून ताजा हात वर आणतात. एका खेळाडूला मोसमात पाचदाच खाली पाठवता येतं, आणि पिचर मुख्य संघात तेरापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. सतरा दिवसांत सतरा सामने आले आणि आदल्या रात्री बारा इनिंग झाल्या, की एक न हलणारी जागा फार बोचते. पण ऑप्शन, म्हणजे खाली पाठवायची मुभा, संपलेल्या प्रत्येक अनुभवी रिलीव्हरची हीच गत असते, आणि त्याला कुणी वाया गेलेली जागा म्हणत नाही. म्हणून अट घालायची असेल तर ती आकड्याची घाला: बुलपेनमध्ये न हलणारे आधीच चार-पाच असतील तर रूल फाइव्हच्या वाटेला जाऊ नका. एकदोनच असतील तर जागा आहे.

माझी स्वतःची आणखी एक अट आहे. एकविशीतला, अजून इनिंगची भूक असलेला कच्चा पिचर जिंकणाऱ्या संघानं घेऊ नये. आठवड्यातून एकदा टाकून तो शिकत नाही, आणि त्यात त्याचंच नुकसान होतं. तेवीस-चोवीस वर्षांचा, दोन प्रकारचे चेंडू हुकमी स्ट्राइकमध्ये टाकणारा घ्यावा. तो वॉक, म्हणजे फलंदाजांना फुकटचा पहिला बेस, देत सुटला तर सहा आठवड्यांत कळतंच, आणि तेव्हा परत करायला संकोच नसावा. बरेच जण परत जातात. गेले तर तुटीत पन्नास हजार डॉलर, जे मेजर लीगमधल्या किमान पगाराच्या एका तुकड्याएवढेच आहेत.

फक्त घाईत सोडू नये. न्यूयॉर्क मेट्सनी २००८ च्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये डॅरेन ओ’डेला घेतलं, एप्रिल २००९ मध्ये चार सामने खेळवलं आणि एका सुरुवातीच्या पिचरची तातडीची गरज पडली म्हणून वेव्हर्सवर टाकलं. टेक्सस रेंजर्सनी तो उचलला. सामना सुरू असतानाच तो टोरांटोत पोहोचला आणि पाठीवर दुसऱ्याच पिचरचं नाव असलेली जर्सी घालून मैदानात उतरला. त्या मोसमात त्याचा ईआरए दोनच्या आत राहिला, आणि पुढच्याच वर्षी रेंजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले तेव्हा तो त्यांच्या बुलपेनमध्ये होता. जिंकायची उमेद घेऊन २००९ मध्ये उतरलेले मेट्स मात्र ९२ सामने हरले.