राजा होता तेव्हा नेपाळ सुखी होता म्हणे!

सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात काठमांडू पेटलं, तेव्हापासून जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘राजाच्या काळात नेपाळात सरकार स्थिर होतं, भ्रष्टाचार शून्य. १९९० ला लोकशाही आली अन् वाटोळं झालं. राजाच परत आणा.’ पाठवणारे बहुतेक आपलेच नाना-आप्पा, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘१९९० ला लोकशाही आली.’ त्याआधी १९५९ ला निवडणूक झाली होती. निवडून आलेल्या बी. पी. कोइरालांना राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये काढलं आणि तुरुंगात घातलं. पुढची तीस वर्षं पक्षांवर बंदी.

‘सरकार स्थिर होतं.’ पंचायतीच्या (म्हणजे पक्षांविना चाललेल्या राजाच्या राजवटीच्या) त्या तीस वर्षांत तुलसी गिरी, सूर्यबहादुर थापा, कीर्तिनिधी बिष्ट हे पंतप्रधान राजाच्या मर्जीनुसार खुर्चीवर बसत होते आणि उठत होते. १९९० नंतर सरकारं पडली हे मात्र खरंच. १९९१ ला नेपाळी काँग्रेसला संसदेच्या २०५ पैकी ११० जागा होत्या, तरी १९९४ मध्ये स्वपक्षाचेच ३६ खासदार मतदानाला आले नाहीत आणि मध्यावधी लागली. मग एमाले (कम्युनिस्ट) ८८, काँग्रेस ८३, आणि हुकमाचा पत्ता २० जागांच्या राप्रपाच्या (राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाच्या) हाती. हा राप्रपा कुणाचा? जुन्या पंचायतवाल्यांचा! १९९७ मध्ये त्याच पक्षाचे लोकेंद्रबहादुर चंद आणि सूर्यबहादुर थापा लागोपाठ पंतप्रधान झाले. दोघंही राजाच्या काळातले माजी पंतप्रधान. खासदार फुटू नयेत म्हणून त्यांना बँकॉकला नेऊन ठेवायचे. सुरत आपल्याला जवळची, २०२२ नंतर हे वेगळं समजावून सांगायला नको.

‘भ्रष्टाचार शून्य.’ लोकशाहीतल्या खासदारांनी करमाफीत पजेरो आणल्या, त्याचा बभ्रा झाला आणि व्हायलाच हवा होता. पण राजाच्या काळाचा हिशेब विचारणार कोण? विरोधी पक्ष नाही, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. पंचायत ठेवायची की पक्ष आणायचे यावरच्या १९८० च्या सार्वमतात पंचायतीच्या बाजूने पैसा उभा करायला तराईतलं जंगल तोडून विकलं, असा आरोप आजही होतो. सातपुडा बोडका होताना पाहिलेल्यांना जंगलाचा पैसा कसा होतो ते ठाऊक आहे. आणि आपल्या जळगावचं घरकुल घोटाळ्याचं प्रकरण घ्या. २००६ मध्ये महापालिकेच्या आयुक्तांनी फिर्याद दिली, २०१९ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. तेरा वर्षं लागली, लाज वाटावी इतकी. पण फिर्याद झाली म्हणून तर आकडा कळला. तोवर शहराच्या कागदावर सगळं शून्यच होतं की!

‘राजाच परत आणा.’ आणून झालंय. १ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली, त्या दिवशी देशभरातले फोन बंद पाडले. सोबतीला पुन्हा तेच तुलसी गिरी आणि बिष्ट. भ्रष्टाचार निपटायला शाही आयोग नेमला. आरोप करणारा, तपास करणारा आणि शिक्षा देणारा तो एकटाच. त्याने माजी पंतप्रधान शेरबहादुर देउबांना तुरुंगात टाकलं. वर्षभरात, फेब्रुवारी २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो आयोगच घटनाबाह्य ठरवला. एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि राजाला संसद परत द्यावी लागली.

आता २०२५ चं. पोरांचा राग नेत्यांच्या लुटीवर होता, तो खराच. पंतप्रधान ओली पायउतार झाल्यावर त्याच पोरांनी अंतरिम पंतप्रधानपदासाठी नाव पुढे केलं ते माजी सरन्यायाधीश सुशीला कार्कींचं. ज्ञानेंद्रांचं नव्हे.