‘युनो बंद करा’ म्हणण्याआधी गोव्याचा ठराव आठवा

गेले काही महिने एक संदेश मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक ग्रुप माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण मजकूर असा: ‘युनोने ८० वर्षांत एकही युद्ध थांबवलं नाही. व्हेटो म्हणजे पाच देशांची दादागिरी, तो काढला की सगळं सुरळीत होईल. आपले कोट्यवधी रुपये तिथे वाया जातात. आंतरराष्ट्रीय कायदा नुसता कागदावर, शेवटी बळी तो कान पिळी. तिथे कधी काही बदलणार नाही. म्हणून युनो बंद करा आणि सगळ्या जगाचं एकच खरं सरकार आणा, ज्याच्या हातात सैन्य असेल.’

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला समजतो. गाझातली, युक्रेनमधली दृश्यं पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याच्याशी मला बोलायचंही नाही. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक तरी आहे किंवा अर्धवट तरी. आणि त्याचा निष्कर्ष आपल्यासारख्या देशाच्या मुळावर येणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एकही युद्ध थांबवलं नाही.’

१९५६ च्या ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला. त्यातले ब्रिटन आणि फ्रान्स सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य. त्यांनी परिषदेतला ठराव नकाराधिकार (हाच व्हेटो: एका कायम सदस्याच्या नकारानेही ठराव पडतो) वापरून पाडला. मग विषय आमसभेच्या तातडीच्या अधिवेशनात गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी तिथे शांतिसेनेची कल्पना मांडली आणि काही दिवसांत तिला मंजुरी मिळाली. ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य डिसेंबरात परत गेलं. त्यांच्या जागी निळ्या टोप्यांतले सैनिक उभे राहिले, त्यात भारतीय तुकडीही होती. खरा दट्ट्या अमेरिकेचा होता, हे मान्यच करायला हवं. पौंड घसरत असताना अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ब्रिटनला मदत मिळू दिली नाही. पण नुसत्या दट्ट्याने सैन्य माघारी जाताना सगळी अब्रू जाते, आणि अब्रू जाणार असेल तर सरकारं हट्टाला पेटतात. माघारीला एक वाट लागते, ती युनोने दिली. आठ वर्षं चाललेलं इराण-इराक युद्ध १९८८ मध्ये थांबलं, तेही सुरक्षा परिषदेच्या ५९८ क्रमांकाच्या ठरावावर.

रवांडाचं काय, असं कोणी विचारेल. विचारायलाच हवं. १९९४ मध्ये तिथे सुमारे आठ लाख माणसं मारली गेली आणि कत्तल सुरू झाल्यावर परिषदेने शांतिसेना वाढवायची सोडून अडीच हजारांवरून २७० वर आणायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात, युनोने ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या गावात, सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे ठार झाले. ही काळी पानं कोणी पुसू नयेत. दोन्ही ठिकाणी आपण कुठे कमी पडलो, हे युनोने १९९९ मध्ये स्वतःच्या अहवालांत कबूल केलं आहे. मात्र रवांडातून अंग काढून घेतलं ते सदस्य सरकारांनी, आणि युनो बरखास्त केली तरी ती सरकारं तिथेच राहणार आहेत.

‘व्हेटो काढला की सगळं सुरळीत होईल.’

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा मुद्दा थेट आपल्या घरातला आहे.

१८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरलेलं होतं. पोर्तुगालने सुरक्षा परिषदेत धाव घेतली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: युद्ध थांबवा आणि भारताने आपलं सैन्य मागे घ्यावं. तेव्हा परिषदेत ११ सदस्य होते आणि ठराव मंजूर व्हायला ७ मतं लागत. ठरावाच्या बाजूने बरोब्बर ७ पडली. विरोधात ४: सोव्हिएत संघ, श्रीलंका (तेव्हाचा सिलोन), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त). त्यातलं सोव्हिएत संघाचं मत म्हणजे नकाराधिकार, म्हणून ठराव पडला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची राजवट संपली.

व्हेटो नसता तर गोवा मुक्त झालाच नसता, असं मी म्हणत नाही. सैन्य आत गेलं होतं आणि नेहरू मागे हटले असते असं वाटत नाही. पण भारत हा सुरक्षा परिषदेचा ठराव धुडकावणारा देश ठरला असता. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक व्यासपीठावर तो ठराव आपल्या तोंडावर फेकला गेला असता.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्ध ऐन भरात असताना युद्धबंदीचे ठराव सोव्हिएत संघाने तीनदा रोखले. आमसभेत, जिथे व्हेटो चालत नाही, तिथे मतदान झालं: युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने १०४, विरोधात ११. म्हणजे बहुसंख्य जग त्या दिवशी आपल्या विरोधात होतं, आणि तेही पूर्व पाकिस्तानातून कोटभर निर्वासित आपल्याकडे आलेले असताना. १६ डिसेंबरला ढाका पडेपर्यंत जो वेळ मिळाला, त्यात त्या तीन नकारांचा वाटा मोठा आहे.

हाच अधिकार आपल्याविरुद्धही चालतो, हेही खरं. मसूद अझहरला दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव चीनने वर्षानुवर्षं अडवून धरला. मे २०१९ पर्यंत ते नाव यादीत गेलं नाही. (परिषदेच्या निर्बंध समितीत सगळ्यांची संमती लागते, त्यामुळे तो औपचारिक व्हेटो नव्हता, पण आपल्याला बसलेली झळ तीच.) फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याचा निषेध रशियाने स्वतःच रोखला. गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने पुन्हा पुन्हा अडवले. यातलं काहीही मला समर्थनीय वाटत नाही.

मग हा अधिकार ठेवलाच कशाला? उत्तर आधीच्या राष्ट्रसंघात आहे. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या त्या संघटनेत अमेरिका कधी आलीच नाही. जपान आणि जर्मनीने १९३३ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, इटली १९३७ मध्ये गेली, सोव्हिएत संघाला १९३९ मध्ये काढून टाकलं. बलाढ्य देश असे एकेक करून दाराबाहेर गेले आणि आत उरलेल्यांनी ठराव केले. पुढे काय झालं ते सांगायला नको. १९४५ मध्ये युनो स्थापन करायला सान फ्रान्सिस्कोला जमलेल्यांनी हे नुकतंच भोगलं होतं. बड्यांना आत धरून ठेवायची किंमत म्हणून त्यांनी व्हेटो स्वीकारला. छोट्या देशांनी तेव्हाही कडाडून विरोध केला होता. किंमत जबर आहे, पण अण्वस्त्रधारी देशाविरुद्ध बहुमताने युद्धाचा आदेश काढता येईल अशी परिषद मला त्याहून जास्त भयंकर वाटते.

‘आपले कोट्यवधी रुपये वाया जातात.’

याचा हिशेब छोटा आहे. २०२५ चं युनोचं नियमित अंदाजपत्रक ३७२ कोटी डॉलरचं, म्हणजे ढोबळमानाने ३२ हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. एका शहराच्या पालिकेच्या निम्म्याहूनही कमी पैशात १९३ देशांचा हा कारभार चालतो. शांतिसेनेचा खर्च वेगळा, साधारण ५६० कोटी डॉलर; युनिसेफसारख्या संस्थांचा तर देणग्यांवर. नियमित खर्चातला भारताचा वाटा एक टक्क्याच्या किंचित वर आहे, वर्षाला सव्वातीनशे कोटी रुपयांच्या आसपास. भारताच्या आकाराच्या देशाला ही रक्कम जड नाही.

‘आंतरराष्ट्रीय कायदा नुसता कागदावर.’

कुलभूषण जाधव आपल्या महाराष्ट्रातले. भारतीय नौदलातल्या या माजी अधिकाऱ्याला एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. त्याआधी वर्षभर आपल्या वकिलातीच्या एकाही माणसाला त्यांना भेटू दिलं नव्हतं. भारताने ८ मे रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केला, आधार घेतला वकिलातींच्या संबंधांवरच्या व्हिएन्ना कराराचा. दहा दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला तो १५ विरुद्ध १. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने खास नेमलेल्या न्यायाधीशांचं होतं. चीनच्या न्यायाधीशही भारताच्या बाजूने होत्या. सुटका करा ही आपली मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. पण वकिलातीची भेट द्या, शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असं बजावलं. त्या सप्टेंबरात भारतीय अधिकारी त्यांना भेटले. जाधव अजून घरी आलेले नाहीत, याचं दुःख आहेच. पण एका मराठी माणसाच्या गळ्याभोवतीचा फास ज्याने थांबवला, त्याला नुसता कागद म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा दाखला आपल्या विरोधात गेलेल्या निकालाचा आहे आणि मला त्याचा जास्त अभिमान वाटतो. बंगालच्या उपसागरातल्या सागरी सीमेवरून बांगलादेशाने भारताला समुद्री कायद्याच्या कराराखाली लवादापुढे खेचलं. वादातलं क्षेत्र २५,६०२ चौरस किलोमीटर. जुलै २०१४ मध्ये लवादाने त्यातलं १९,४६७ बांगलादेशाला दिलं. नौदलाचं बळ पाहिलं तर दोन देशांत तुलनाच नाही, तरीही भारताने निकाल मानला आणि जुना वाद मिटला. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राचा निकाल फिलिपिन्सच्या बाजूने लागला, तेव्हा चीनने तो झिडकारला. कायद्यापुढे मान तुकवायची की नाही हे बलाढ्य देश स्वतः ठरवतात, ही तक्रार खरी आहे. पण दोन बलाढ्य देशांनी दोन वेगळे निर्णय घेतले, हेही तितकंच खरं. आमच्या राज्यघटनेचं ५१ वं कलम आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर करायला सांगतं. २०१४ मध्ये आपण ते पाळलं.

‘सगळ्या जगाचं एकच सरकार आणा.’

ही कल्पना कोणा भाबड्याची नाही, हे आधी सांगतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसने मंजूर केलेला ‘छोडो भारत’ ठराव बहुतेकांना एका घोषणेपुरता आठवतो. त्याच ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची मागणी आहे. असं संघराज्य झालं की राष्ट्रांना वेगवेगळी सैन्यं ठेवायची गरज उरणार नाही, त्याची एक संरक्षण सेना असेल आणि स्वतंत्र भारत त्यात आनंदाने सामील होईल, असं त्यात म्हटलं आहे. रात्र संपायच्या आत ज्यांची धरपकड होणार होती, त्या माणसांनी हे लिहिलं. मी वर्गात हा परिच्छेद वाचून दाखवायचो तेव्हा मुलं चकित व्हायची.

पण त्या ठरावातला ‘स्वतंत्र राष्ट्रांचं’ हा शब्द बघा. ते संघराज्य संमतीने व्हायचं होतं. आता आपण स्वतःलाच विचारू, आपली संमती कितपत आहे? ऑगस्ट १९९९ मध्ये भारताने कच्छच्या हद्दीवर पाकिस्तानचं अटलांटिक विमान पाडलं. पाकिस्तान हेगच्या त्याच न्यायालयात गेला. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेल्या वादांत हे न्यायालय आम्हाला लागू नाही, अशी अट भारताने आधीच घालून ठेवली होती. तीच पुढे केली आणि २००० मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचेही सदस्य नाही. प्रत्येकाला कारणं आहेत आणि त्यातली काही मला पटतात. पण ज्या देशाला एका विमानाच्या प्रकरणातही बाहेरचा न्यायाधीश नको होता, तो सैन्य कोणाच्या स्वाधीन करणार? आणि त्या सरकारात मतं कशी मोजायची? माणसागणिक मोजली तर भारत आणि चीन मिळून जगाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मतं होतात, अमेरिका ते मानणार नाही. संपत्तीवर मोजली तर आपण मानणार नाही.

जगाच्या कारभाराचे तुकडे मात्र आजच चालू आहेत, आणि कोकणातल्या लोकांना ते चांगले ठाऊक असायला हवेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘बोटीवर’ असलेला माणूस घरोघरी सापडतो. मालक दिवाळं काढून बोट कुठल्यातरी परक्या बंदरात टाकून देतो आणि खलाशी पगाराविना, कधी पाण्याविनाही अडकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराने यावर इलाज काढला. २०१७ पासून लागू असलेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा खलाशांना घरी पाठवायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळेल, याचा विमा किंवा तशी हमी बोटीवर असलीच पाहिजे. करार मानणाऱ्या कोणत्याही बंदरात अधिकारी ते कागद तपासू शकतो. झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, खलाशी गुहागरचा आणि बंदर आखाती, असं असलं तरी. अजूनही माणसं अडकतात, कारण बनावट कागद आणि डोळेझाक करणारे अधिकारी असतातच. पण पूर्वी दाद मागायला काहीच नव्हतं. श्रम संघटना ही युनोच्या कुटुंबातलीच संस्था आहे. ‘युनो बंद करा’ यात तीही आली.

‘तिथे कधी काही बदलणार नाही.’

युनोची सनद, म्हणजे तिची घटना, बदलायला दोन तृतीयांश सदस्यांची आणि त्यात पाचही बड्यांची मान्यता लागते, हे खरं. सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा का मिळत नाही, याचं मोठं कारण हेच. पण डिसेंबर १९६३ मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई-आफ्रिकी देशांनी परिषदेतल्या अस्थायी जागा ६ वरून १० करण्याचा ठराव आमसभेत आणला. पाच कायम सदस्यांपैकी फक्त एकाने, तेव्हा चीनची जागा सांभाळणाऱ्या तैवानने, बाजूने मत दिलं. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स विरोधात, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ. तरीही ठराव मंजूर झाला आणि मग एकेका राजधानीवर दबाव सुरू झाला. इतक्या देशांना उघडपणे नाही म्हणणं कोणालाच परवडेना. पावणेदोन वर्षांत पाचही जणांनी दुरुस्तीला मान्यता दिली आणि ३१ ऑगस्ट १९६५ रोजी ती लागू झाली. पुढे भारत ज्या ज्या वेळी परिषदेवर निवडून आला, त्या वाढलेल्या दहा जागांतूनच आला.