कोल्हापुरी चप्पल मेंढीच्या कातड्याची? खुलासा

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘अस्सल कोल्हापुरी मेंढीच्या कातड्याची असते, म्हशीचं कातडं म्हणजे डुप्लिकेट माल.’ हे साफ उलटं आहे.

तळाला आणि टाचेला म्हशीचंच जाड कातडं लागतं. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते कमावतात, मग थरावर थर ठेवून चामड्याच्या वादीनं शिवतात. पारंपरिक जोडाला खिळा लागत नाही. मेंढीचं कातडं पातळ आणि लोकरीच्या मुळांमुळे आतून विसविशीत. हातमोज्याला, अस्तराला झकास. पण त्याचा तळ केला तर भवानी मंडपातून रंकाळ्यापर्यंतही टिकायचा नाही. वरच्या पट्ट्यावरच्या विणलेल्या वेणीला मऊ कातडं लागतं हे खरं, पण तिथे बहुधा बकरीचं वापरतात. घोळ तिथेच झाला असावा.

मेंढीचा मान इथे वेगळाच: लोकर आणि घोंगडं. पट्टणकोडोलीला धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत जाऊन बघा. आणि लोकर कातरून निघते, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही.

‘जीआय (भौगोलिक मानांकन) फक्त कोल्हापूरला’ असंही त्या मेसेजमध्ये ठोकून दिलंय. २०१९ चं ते मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांचं मिळून आहे. आपल्याला पचायला जरा जड, पण बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीरही तितकाच हक्काचा.

खरेदीला गेलात तर तळाची कड बघा. कातड्याचे थर आणि वादीची शिवण दिसली पाहिजे.