आक्कांना दोन मिनिटं

आज 24 मार्च, जागतिक क्षयरोग दिन. इथल्या कार्यक्रमाहून आत्ता घरी आलेय आणि डोकं इतकं तापलंय की स्वयंपाक बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

मंडपात शे-दीडशे बायका. बहुतेकींची दिवसाची मजुरी बुडालेली. दीपप्रज्वलन झालं, गुलाबपुष्पं झाली, प्रास्ताविक झालं आणि मग पडद्यावर प्रेझेंटेशन सुरू. रॉबर्ट कॉकने 1882 साली हा जंतू जगापुढे आणला, जंतूचं लांबलचक नाव, रंगीत आलेख, टक्केवाऱ्या. पुढच्या रांगेतल्या एक आजी बसल्या जागी झोपल्या आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही. तासभर हेच. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "वेळेअभावी आक्कांनी दोन मिनिटांत आपलं मनोगत व्यक्त करावं." आक्का उठल्या, पदर सारखा केला, "मला बी टीबी झालता" म्हणाल्या, आणि पुढचं काही बोलायच्या आत आभारप्रदर्शनाला माणूस उभा राहिला. झालं. चहा, फोटो, पांगापांग.

आक्का कोण, ते सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव मात्र लिहिणार नाही. शेतमजुरी करणारी बाई. काही वर्षांपूर्वी टीबी झाला, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून खडखडीत बऱ्या झाल्या. गेल्या संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. कुणाच्या तरी खोकल्यावरून विषय निघाला आणि आक्का वाणाची वाटी हातात धरूनच बोलायला लागल्या. कुणी बोलवलं नव्हतं, कुणी माईक दिला नव्हता.

"माझं ताट येगळं केलं, तांब्या येगळा केला. नातू जवळ यायला लागला की सून त्याला वढून न्यायची. गोळ्या सुरू केल्या तर लघवी लालभडक. म्या म्हनलं, रगातच चाललंय, आता काय ऱ्हात न्हाई आपन. दिल्या गोळ्या उकिरड्यावर फेकून."

मग आशाताई घरी आल्या, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे आक्का बोलल्या. आशाताईंनी समजावलं की त्या गोळ्यांतल्या एका औषधाचाच तो रंग आहे, घाबरायचं कारण नाही, औषध संपलं की जातो. गोळ्या परत सुरू झाल्या. बँकेत पोषणाचे महिन्याला 500 रुपये यायचे (आता 1000 झालेत), त्यातून अंडी आणली, शेंगदाणे आणले, आणि ती अंडी नातवापासून लपवून खाताना जिवाचं काय व्हायचं तेही त्यांनी सांगितलं. बायका रडत होत्या. मीही.

ज्या घरी हळदीकुंकू होतं, तिथली धाकटी सून मागे मोरीत कप विसळत होती. आशाताईही तिथे होत्या; सगळ्या गेल्यावर ती हळूच त्यांच्याजवळ आली. तिलाही टीबी होता, आणि तिच्या गोळ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली तशाच पडून होत्या. तिलाही लघवी लाल दिसली होती. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती आणि दवाखान्यात "काही त्रास?" असं विचारलं तर बाप्या माणसासमोर हे बोलणार कसं? दुसऱ्या दिवशी ती आशाताईंबरोबर दवाखान्यात गेली, डॉक्टरांनी पुन्हा तपासून गोळ्या सुरू केल्या. आता ती बरी आहे.

आता सांगा, त्या तासाभराच्या प्रेझेंटेशनमध्ये लाल लघवीचा शब्द तरी होता का? नव्हता! गोळ्या मधेच सोडल्या की आजार चिवट होतो, मग साध्या औषधांना दाद देत नाही, हे मात्र मोठ्या अक्षरांत होतं. बाई गोळ्या का सोडते, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला दोन मिनिटं!

आणि हे मी काही नवीन सांगत नाहीये. आपल्या महाराष्ट्राला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात उभं करायचे. ते नुसतं "स्वच्छता राखा" सांगत बसले नाहीत. समोरच्यालाच प्रश्न विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. दारू, कर्ज, देवापुढची बकरी, सगळं त्या प्रश्नोत्तरांत यायचं. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच केलं. आणि जामखेड! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे गावोगावी आरोग्याचं काम सुरू केलं, ते गावातल्याच बायकांना हाताशी धरून. त्यातल्या कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या. त्या बाळंतपणं शिकल्या, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकल्या, आणि गावात जाऊन आपल्या भाषेत, आपल्या अनुभवातून, गाण्यातून सांगत राहिल्या. ते शिकायला आज जगभरातून लोक जामखेडला येतात. आणि आम्ही जवळ बसलेल्या आक्कांचं ऐकत नाही.

हो, कळतंय मला, लगेच कुणीतरी म्हणेल की गोष्टींतूनच अंधश्रद्धा पसरतात. पसरतात. साप चावलेल्याला भगताकडे नेतात तेही कुणाच्या तरी गोष्टीवर विश्वास ठेवूनच, आणि कोविडच्या लशीबद्दल काय काय ऐकलं ते आपण विसरलेलो नाही. पण म्हणूनच तर खरी गोष्ट सांगणारीला जास्त वेळ द्यायला हवा ना! खोटं सांगणारा पारावर रात्रभर बसतो, त्याला कुणी "वेळेअभावी" म्हणत नाही.

आणि गोष्टीनं जंतू मरत नाही, गोळीनंच मरतो, हेही मान्य. थुंकीची तपासणी हवी, एक्स-रे हवा, गोळ्यांचा साठा हवा, त्याला पर्याय नाही. पण ट्रंकेत पडलेल्या गोळीनं कुठला जंतू मरतो?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ज्यांनी प्रेझेंटेशन केलं ते डॉक्टर वाईट नाहीत. तरुण आहेत, त्यांना वरून जे आलं ते त्यांनी दाखवलं, आणि नंतर चहाच्या वेळी ते स्वतः आक्कांशी बोलायला गेले, तेही मी पाहिलं. माझं भांडण त्या कार्यक्रमपत्रिकेशी आहे. कार्यक्रम ठरवताना आक्का कुठे बसतील, किती बोलतील, हा विचारच कुणी केला नव्हता. बॅनरवर सगळ्यांचे फोटो, बऱ्या झालेल्या एकाही माणसाला जागा नाही.

आशाताईंचंही तेच. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, अमुक नोंदलं तर इतके, तमुक केलं तर इतके. त्या दिवशी त्या आक्कांच्या उंबऱ्यावर किती वेळ बसल्या असतील? संक्रांतीला त्या सुनेशी अंधारात उभ्या राहून बोलल्या, त्याचा रकाना कुठल्या रजिस्टरमध्ये आहे? बोलत बसणं हे काम आहे. ताकदीचं काम आहे. आपण ते फुकट घेतोय, आणि वर त्यांच्याकडूनच सतरंज्या उचलून घेतोय.

आज निघताना आक्कांना म्हटलं, "आक्का, वाईट वाटलं असेल ना?" तर म्हणाल्या, "मला कशाचं वाईट? पर मागं एक पोरगी खोकत हुती, तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

म्हणून आम्ही चार जणींनी ठरवलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या बचत गटाची बैठक आहे, तिथे आक्का बोलतील, हवं तितका वेळ. आशाताई शेजारी बसतील, कुणी औषधाचं विचारलं तर त्या सांगतील. कुणाला तपासणी करायची असेल तर तिथेच त्यांच्याकडे नाव द्यायचं, सोमवारी त्या बरोबर नेतील. त्या खोकणाऱ्या मुलीच्या आईला निरोप गेलाय.

आक्कांची एकच अट आहे, शूटिंग करायचं नाही. त्यांच्या धाकट्या लेकीची सोयरीक अजून ठरायची आहे. तेव्हा येणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, मोबाईल पिशवीत ठेवा, आणि शेजारणीला घेऊन या.