‘पहिल्याच पावसात डेक काळा पडला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा २ स्टारचा रिव्ह्यू वाचला. सीवूड्सच्या टेरेसवरच्या सागवानी डेकवर पहिल्याच पावसात काळे ठिपके उठले, ५ दिवसांचं काम ९ दिवस चाललं आणि स्क्रूच्या नावाखाली बिल फुगवलं, असं तुमचं म्हणणं. ठिपक्यांची चूक आमची आहे, म्हणून ते आधी.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. डाग स्क्रूभोवती असते तर मी वेगळं बोललो असतो. पण हे मोहरीएवढे, शिंपडल्यासारखे आहेत आणि फक्त दारालगतच्या चार फळ्यांवर. तिथलं जुनं पॉलिश आमच्या नव्या पोराने तारेच्या ब्रशने खरवडलं होतं (विचारल्यावर कबूल केलं). तारेचा बारीक कीस लाकडाच्या रेषांत अडकतो, वरून तेल फिरवलं की दिसतही नाही. मग पाऊस लागतो, लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातला नैसर्गिक तुरट अंश) एकत्र येतं, आणि लाकूड काळं पडतं. ही बुरशी नाही, त्यामुळे फिनेलने जाणार नाही. घासू तर अजिबात नका. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने डाग उतरवून, स्वच्छ धुऊन, सुकवून पुन्हा तेल लावावं लागेल. सगळं आमच्या खर्चाने, पण दसऱ्यानंतर. गणपतीत तुमच्याकडे पाहुणे असतात हे माहीत आहे, तरी ओल्या लाकडात तेल मुरत नाही, वरच चिकट राहतं. तोवर दारात चटई टाकू नका, खाली ओल धरते.

बिलाचं मात्र पटलं नाही. वरून पाहिलं तेव्हा सहाच फळ्या हलत होत्या, त्यावरून अंदाज दिला. पहिली फळी उचलली तेव्हा तुम्ही आणि आजी तिथेच उभ्या होत्या. ड्रायव्हर लावला आणि स्क्रूचं डोकं खडूसारखं तुटून हातात आलं, दांडा आत. आधीच्या कारागिराने फॉल्स सीलिंगला वापरतात ते काळे जिप्सम स्क्रू मारले होते. वरून ठणठणीत दिसतात, पण फळी आणि खालच्या रिपेच्या (आधाराच्या लाकडी पट्टीच्या) मधे पाणी साचतं तिथे मान गंजून काडीएवढी होते. त्यात खाडीचा खारा वारा. २६ फळ्या, प्रत्येकीखाली ५ रिपा, दर रिपेवर २ स्क्रू, म्हणजे २६०. सहा बदलून वीस तशाच ठेवल्या असत्या तर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पायाला लागलं असतं. नव्या स्क्रूंसाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील स्वस्त पडलं असतं, पण ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, खाऱ्या हवेत तेच जास्त टिकतं. दोन्हींचे भाव व्हॉट्सॅपवर पाठवले होते, तुमचं ‘ओके’ तिथे आहे.

चार दिवस वाढले ते तुटक्या दांड्यांपायी. जुन्या भोकात नवा स्क्रू पकडत नाही. बाजूला नवं भोक पाडायचं, जुन्यात सागाचं बूच ठोकून रंध्याने सपाट करायचं, दिवसाला जेमतेम पाच-सहा फळ्या होतात. वाढीव मजुरीचा आकडा मी शेवटच्या दिवशी सांगितला, तो पहिली फळी उचलली त्याच संध्याकाळी सांगायला हवा होता. तिथे तुमचा राग रास्त आहे.

दसऱ्यानंतर सलग तीन दिवस कडक ऊन पडलं की फोन करतो. या वेळी पोरगा नाही, मी स्वतः येईन. आजींना सांगा, माझा चहा बिनसाखरेचा.