रक्त दिलं की जनुक कंपनीचं, म्हणे!

परवा रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची ओळ: ‘आम्ही रक्त द्यायला जाणार नाही. हे वाच आधी, मग बोल.’

भाच्याच्या तपासणीत एका जनुकात बदल सापडलाय. तो आजाराचा की निरुपद्रवी, हे अहवालावरून ठरत नाही. आईबापात तो बदल आहे का, हे पाहिलं तर पुष्कळ उलगडा होईल, म्हणून डॉक्टरांनी दोघांचं रक्त मागितलंय. आठ महिने वाट पाहिल्यावर गाडी इथवर आली, आणि अडली कशावर? व्हॉट्सअॅपवर. नाहीतर असले मेसेज मी अंगठ्याने वर ढकलून मोकळा होतो.

मेसेज अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटबद्दल आहे. एमआयटी आणि हार्वर्ड या दोन विद्यापीठांनी मिळून उभी केलेली ही जनुकसंशोधन संस्था. मेसेज म्हणतो: ती एका बिल्डरची आहे. औषध कंपन्या ती चालवतात. मोन्सॅन्टो या बियाणं कंपनीला तिने वांझ बियाण्याचं, म्हणजे ज्याचं पीक पुन्हा पेरता येत नाही अशा बियाण्याचं तंत्र विकलं. लोकांच्या जनुकांची ती पेटंटं घेते, म्हणून रक्त दिलं की जनुक कंपनीचं आणि तुमच्या मुलाबाळांना रॉयल्टी भरावी लागणार. शिवाय हा डीएनए विकणारी कंपनी आता दिवाळखोरीत निघालीय. शेवटी ‘जनहितार्थ’, अर्थातच.

बिल्डरचं आधी उरकतो. ईलाय ब्रॉड यांनी घरबांधणीत आणि विम्यात पैसा कमावला, हे खरं. त्यांनी आणि पत्नी ईडिथ यांनी २००३ मध्ये संस्थेसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले, २००८ मध्ये कायमनिधी म्हणून आणखी ४० कोटी. पण पाटीवर नाव असणं वेगळं आणि सातबाऱ्यावर असणं वेगळं. २००९ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. तिचे शेअरच नाहीत, तर विकत काय घेणार?

औषध कंपन्यांचा पैसा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. बायर कंपनीशी २०१३ मध्ये कर्करोगावरच्या संशोधनाचा करार झाला, तो जाहीरपणे. मात्र संस्थेच्या खर्चाचा मोठा भार अमेरिकी सरकारच्या संशोधन अनुदानांनी उचललाय, आणि तिथल्या मोठ्या जनुकीय प्रकल्पांना मिळालेली माहिती इतर संशोधकांसाठी खुली करण्याची अट असते. हं, कंपनी जिथे बाजार दिसतो तिथेच हात सैल सोडते, आणि ज्या आजाराचे रुग्ण मोजकेच, तो रांगेत मागे राहतो. हे मान्य. ही तक्रार मेसेजवाल्याने केली असती तर मीही पुढे पाठवली असती.

मोन्सॅन्टोच्या मुद्द्यावर मात्र हसावं की रडावं कळेना. २०१६ मध्ये ब्रॉडने मोन्सॅन्टोला क्रिस्परचा, म्हणजे जनुकात नेमकी कापाकापी करण्याच्या तंत्राचा परवाना दिला, हे खरं. पण त्याच परवान्यात वांझ बियाणं तयार करायला स्पष्ट मनाई घातलीय. म्हणजे जी गोष्ट करायची नाही म्हणून लिहून घेतलं, तीच केल्याचा आरोप!

आता पेटंट. ताईची झोप उडाली ती यानेच.

पेटंट म्हणजे एखादी वस्तू किंवा पद्धत ठरावीक काळ, साधारण २० वर्षं, इतरांना धंद्यासाठी वापरू न देण्याचा हक्क. तुमच्या अंगातल्या पेशींवर तो कधीच चालत नव्हता. रक्त दिल्याने जनुक ‘जात’ नाही आणि मूल झालं म्हणून कोणी पावती फाडत नाही. तरीही या भुताला पाय होते, तेही सांगायला हवं. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांची पेटंटं युटा विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेल्या मिरियड कंपनीकडे होती. त्या जोरावर तिने इतर प्रयोगशाळांना चाचणी करू दिली नाही आणि स्वतःच्या चाचणीला ३,००० डॉलरहून जास्त घेतले. बायका दुसरं मत घेऊ शकत नव्हत्या. हा अन्यायच होता.

मग मिरियडविरुद्धच्या खटल्यात १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: निसर्गात जसा आढळतो तसा डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतीला (सीडीएनए) मिळू शकेल. त्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळांनी आपली चाचणी जाहीर केली. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(सी) नुसारही निसर्गात असलेला पदार्थ नुसता शोधून काढणं ही पेटंट देण्याजोगी नवनिर्मिती ठरत नाही.

आणि या खटल्यात न्यायालयापुढे एक निवेदन आलं होतं, दोन्हीपैकी एकाही पक्षाच्या बाजूने नसलेलं. त्यात म्हटलं होतं की असे सुटे डीएनएचे तुकडे माणसाच्या शरीरात मुळातच असतात, ते कोणी ‘बनवले’ असं म्हणता येत नाही. सुनावणीत न्यायाधीशांनीही त्याचा उल्लेख केला. निवेदन कोणाचं? एरिक लँडर यांचं. ब्रॉड इन्स्टिट्यूटचे तेव्हाचे संचालक! मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक शोधलं असतं तरी ताईची ती रात्र वाचली असती.

दिवाळखोर कंपनी खरी आहे, पत्ता चुकलाय. ट्वेंटीथ्री-अँड-मी ही थुंकीवरून डीएनए तपासण्याचा संच ग्राहकांना विकणारी कंपनी. २०१८ मध्ये तिने जीएसके या औषध कंपनीकडून ३० कोटी डॉलरची गुंतवणूक घेतली, मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रॉडचा त्यात संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे लॅपटॉप घेऊन बसलो. नोमॅड हा माहितीसाठा उघडला: आठ लाखांहून जास्त लोकांच्या डीएनएमधले बदल, नावगाव काही नाही, फक्त कुठला बदल किती जणांत. लॉगिन नाही, पैसे नाहीत. भाच्याच्या अहवालातलं जनुकाचं नाव टाकलं, बदलांची लांबलचक यादी आली. जो बदल हजारो लोकांत आढळतो, तो लहानपणीच्या दुर्मिळ गंभीर आजाराचं कारण असण्याची शक्यता सहसा कमी. डॉक्टर हीच चाळणी लावतात. ताईने संस्थेचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. हा साठा ब्रॉडमध्येच सांभाळला जातो.

मग दाजींनी संमतीपत्र काढलं. त्यात दोन चौकटी: एक तपासणीसाठी, दुसरी उरलेला नमुना संशोधनाला वापरण्यासाठी. दुसरीबद्दल शंका घ्यायला जागा आहे, तेही मी सांगितलं. अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीने मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून दिलेलं रक्त अॅरिझोना राज्य विद्यापीठात त्यांना न विचारता दुसऱ्याच अभ्यासांना वापरलं गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली आणि नमुने परत करावे लागले.

दाजींनी पहिल्या चौकटीत खूण केली. दुसरी कोरी ठेवून त्यांनी समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिला, ‘नमुना किती वर्षं ठेवणार? कोणाला देणार?’ सकाळी रक्त देताना विचारायला.