सुमोनं काय घोडं मारलंय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटांची सिएरा नव्या रूपात बाजारात आली आणि त्याच रात्री तासगावहून आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाजातला निरोप आला : "सिएरा आली, सफारी कवाच आली, मग सुमोनं काय घोडं मारलंय?" त्या रात्रीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर, बंद पडलेली सुमो परत यावी का, हाच वाद चाललाय. आप्पा आणि काका सुमोच्या बाजूनं. सांगलीत इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या विरुद्ध. "आबा, ती गाडी आजच्या चाचणीत टिकली नसती," असं त्यानं आप्पांना लिहिलं, आणि दोन दिवस घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नाही म्हणे.

मी स्टुटगार्टला राहतो. हे शहरच मोटारींवर जगतं, त्यामुळं गाड्यांबद्दल ऐकायला-बोलायला इथं तोटा नाही. पण या वादात मला इथून काही सांगायचंय, आणि ते मनापासून सांगतोय.

सुमो १९९४ ला आली. टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, एकेकाळचे अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं. आमच्याकडं ती १९९७ ला आली. द्राक्षाचा हंगाम बरा गेला होता, आप्पा आणि काका दोघांनी मिळून घेतली. पांढरी, एमएच १०. पुढं तीन, मधे तीन, मागं समोरासमोर चार, आणि पोरं कुठंही. पौषात पालीच्या खंडोबाला जायचं म्हणजे पहाटे चारला अंगणात गाडी सुरू व्हायची. डिझेलची घरघर, धुकं, आजीच्या पिशवीत भंडारा-खोबरं. कराड, उंब्रज मागं पडेपर्यंत पोरं झोपलेली असायची आणि तारळीचा पूल दिसला की आजी सगळ्यांना उठवायची. बिघडली तर स्टँडमागचा फिटर पान्यावर खोलायचा, संध्याकाळी गाडी परत दारात. गावातले वडापवाले, म्हणजे सीटवर भाडं घेणारे, तीच गाडी चालवायचे, त्यामुळं सुटे भाग तालुक्याला मिळायचे. आमचं घर एकत्र होतं, ते त्या गाडीत दिसायचं. हे आप्पांचं म्हणणं खरं आहे, शंभर टक्के खरं.

पण पुतण्याचंही खरं आहे. २०१९ ला सुमो बंद झाली, ती लोकांना नकोशी झाली एवढ्यावर नाही. त्याच वर्षी जुलैपासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग, पट्टा न लावल्याची आणि वेग वाढल्याची सूचना सक्तीची झाली, ऑक्टोबरपासून बाजारातल्या जुन्या मॉडेलांनाही धडक-चाचणीचे निकष लागू झाले आणि एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम येणार होता. पंचवीस वर्षांच्या सांगाड्यावर एवढं सगळं चढवणं परवडणारं नव्हतं. तो नियम चुकीचा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

याला कारण आहे. पालीहून परत येताना एकदा रात्री पुढ्यात उसाची ट्रॉली आली. मागं ना दिवा, ना लाल कापड. काकांनी ब्रेक दाबला, गाडी जागेवर थांबली. पण चुलतभावाला आम्ही मांडीवर उभं केलं होतं. तो पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर आपटला. हनुवटीला पाच टाके पडले. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. बाराजणांत पट्टा कुणीच लावला नव्हता. तो भाऊ आज बत्तीस वर्षांचा आहे, दाढी ठेवतो, म्हणून कुणाला खूण दिसत नाही. मला दिसते.

आप्पांना वाटतं, सुरक्षितता म्हणजे ज्याची त्याची वेगळी गाडी. आणि एकत्र जायचं म्हणजे दाटीवाटी आलीच. इथंच माझं आणि त्यांचं जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई-आप्पा आणि काका-काकी इकडं आले. आम्ही चौघं धरून आठ. जर्मनीत कारच्या साध्या लायसन्सवर चालकासह नऊ जणांची गाडी चालवता येते, म्हणून तसली एक भाड्यानं घेतली आणि बोडेनझे तळ्याकडं निघालो. नियम असा की गाडीत जितके पट्टे तितकीच माणसं, आणि बारा वर्षांखालचं, दीड मीटरहून कमी उंचीचं पोर त्याच्या वेगळ्या सीटवरच. काकी पहिल्यांदा अवघडल्या. अर्ध्या तासानं मागच्या ओळीतून भडंगाचा डबा हातोहात पुढं आला. आईनं देवीची गाणी म्हटली, मधल्या ओळीतून आप्पा रस्ता सांगत होते, तो त्यांना माहीत नव्हता तरी. आठही जण पट्ट्यात होते आणि आठही जण एका गाडीत होते. सुमोत जे होतं त्यातलं काय कमी होतं तिथं? आप्पांना मी हेच विचारलं, ते गप्प बसले.

इथंही लोक जुन्या गाडीसाठी झुरतात. फोक्सवॅगनची पन्नासच्या दशकातली बुली व्हॅन २०२२ ला विजेवर चालणारी होऊन आली, रेनॉ ५ तशीच २०२४ ला. त्यात जुना पत्रा कुणी परत आणला नाही. गाडी कशासाठी होती ते लक्षात ठेवलं, बाकी सगळं नवं केलं.

आपल्याकडं अडतं कुठं? माझ्या मते कराच्या तक्त्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठीवर ४०. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. यात माणसं कुठं मोजलीत? एकटा माणूस ऑफिसला नेतो ती गाडी १८ टक्क्यांत, आणि आजीसकट आठ जणांना नीट बसवणारी लांब गाडी चैनीची म्हणून ४० टक्क्यांत. मग कंपन्या काय करतात? चार मीटरच्या आतच तिसरी ओळ कोंबतात. गुडघे छातीशी घेऊन बसा, नाहीतर आडवे बसा. जर्मनीत नव्या कारवर लांबी न बघता सरसकट १९ टक्के व्हॅट लागतो, वार्षिक कर इंजिन आणि धुरावर ठरतो. तसाच्या तसा उचलावा असं नाही. पण सात, आठ, नऊ जणांना समोर तोंड करून, प्रत्येकाला तीन टोकांचा पट्टा देऊन बसवणाऱ्या गाडीला लांबीची शिक्षा नको. तासगाव, आटपाडी, जत अशा ठिकाणी, जिथं रात्रीची एसटी मिळत नाही, तिथं ही गाडी चैन नाही.

सुमो परत यावी. आली तर नऊ पट्ट्यांची यावी, आजीला चढता येईल अशी एक पायरी असावी आणि स्टँडमागच्या फिटरला निदान अर्धी तरी कळावी. अशी गाडी आली तर आप्पांच्या नावानं बुकिंगची पावती मी फाडीन, हे ग्रुपवर लिहून टाकलंय. पुतण्यानं त्यावर अंगठा दिला. आप्पांनी अजून काही लिहिलेलं नाही.

यंदा पौषात घरचे नऊ जण पालीला निघतील, दोन गाड्यांतून. आजीचा काल फोन होता. कुठल्या गाडीत बसू, असं विचारत होती.